प्रश्न तुमचे: पायांच्या मुंग्या आणि चिनी उपचार

प्रश्न: मधुमेहाला बारा वर्षं झाली. रात्री तळव्यांना मुंग्या येतात आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. चिनी सुयांनी फरक पडेल का?

उत्तर: या दोन तक्रारींना चिनी वैद्यकात दोन शब्द आहेत: मुंग्या म्हणजे ‘मा’ आणि लाकडासारखा बधिरपणा म्हणजे ‘मू’. ‘मू’ हा जास्त जड आणि चिवट मानतात. चप्पल निसटणं हे त्याचंच लक्षण, म्हणून अपेक्षा बेताची ठेवा. मुंग्या आणि झोप यांत सुधारणा झाली तरी गेलेली संवेदना परत येईलच असं नाही.

सुया टोचायचे नेहमीचे बिंदू असे. ‘झूसानली’ हा गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरील खळगीपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर असतो. ‘सानयिनजियाव’ आतल्या घोट्याच्या टोकापासून चार बोटं वर, हाडाच्या मागच्या कडेला असतो. गरोदरपणात तो टाळतात. ‘बाफेंग’ म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांतले आठ बिंदू, प्रत्येक पायात चार. सुई पाव मिलिमीटर जाडीची, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. ती २० ते ३० मिनिटं ठेवतात.

चूक होते ती इथे: सुई लागली की जड, ओढल्यासारखी जाणीव व्हावी अशी अपेक्षा असते. बधिर पायात ती होत नाही, मग सुई आणखी खोल खुपसली जाते. हे होऊ देऊ नका. बेचक्यांत भेगा, चिखल्या किंवा सूज असेल तर बाफेंग पूर्ण वगळायचे, कारण मधुमेही पायात एवढंसं छिद्रही चिघळतं.

आठवड्याला दोन याप्रमाणे दहा-बारा बैठकांत काहीच बदल नसेल तर थांबा. मज्जातंतूंच्या वेदनांवरच्या अ‍ॅक्युपंक्चरचा (म्हणजे याच सुयांच्या उपचाराचा) कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्षापुरता पुरावा सापडला नाही. आणि हो, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर सुयांच्या आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलं तरी हीच लक्षणं दिसतात आणि त्यावरचा उपाय सोपा असतो.

प्रश्न: परदेशातून नातेवाइकांनी ‘हुआंगची ग्वेइझी वूवू तांग’ पाठवलंय. घ्यावं का?

उत्तर: हा चीनमधल्या हान राजवटीच्या अखेरीस वैद्य झांग झोंगजिंग यांनी नोंदवलेला काढा आहे. त्यात पाचच घटक: अ‍ॅस्ट्रागॅलसचं मूळ (हेच ‘हुआंगची’), चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या आणि पांढऱ्या पिओनीचं मूळ प्रत्येकी ९ ग्रॅम, आलं त्याच्या दुप्पट म्हणजे १८ ग्रॅम आणि लाल चिनी बोरं. सामान अर्धा तास भिजवून मंद आचेवर २०-३० मिनिटं उकळतात. भांडं मातीचं किंवा स्टीलचं, लोखंडी नको.

हा काढा उष्ण आहे. गार पडणाऱ्या, थंडीत जास्त बधिर होणाऱ्या हातापायांसाठी तो आहे. ज्यांचे तळवे पेटतात आणि तोंड कोरडं पडतं त्यांना दालचिनीने त्रास वाढू शकतो, असं या पद्धतीचेच वैद्य म्हणतात. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी अ‍ॅस्ट्रागॅलस टाळावं.

पाकिटावरची यादी मात्र नीट वाचा. ‘दांगग्वेइ’ किंवा ‘दानशेन’ असेल आणि तुम्ही वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘छुआनवू’, ‘त्साओवू’ किंवा ‘फूझी’ असेल तर डबा बाजूला ठेवा. ही आपल्या बचनागाच्या कुळातली मुळं. उकळणं अपुरं पडलं तर आधी ओठ-जीभ बधिर होतात आणि मग हृदयाचे ठोके बिघडतात. बधिरपणावरच्या औषधाने बधिरपणा वाढला, तर मात्रा वाढवायची नसते, इस्पितळ गाठायचं असतं.

प्रश्न: मोक्साचा शेक आणि गरम पाण्यात पाय बुडवणं घरी करता येईल का?

उत्तर: मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या नात्यातल्या वनस्पतीची वाळकी पानं गुंडाळून केलेली कांडी. ती पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात आणि चटका बसायच्या आत हलवतात. बधिर पायाला चटका कळतच नाही, म्हणून तिथे मोक्सा घरी करू नये. पाण्याचं तसंच: ४० अंशांच्या पुढे नको, तापमान दुसऱ्याच्या कोपराने किंवा तापमापीने पाहायचं, पायाने नाही. १५ मिनिटं पुरेत, मग बेचक्या नीट कोरड्या करा.

प्रश्न: फक्त एका हाताची करंगळी आणि अनामिका बधिर आहे. कोणता बिंदू दाबू?

उत्तर: कुठलाच नाही, आधी निदान. कोपराच्या आतल्या बाजूची नस दबली असावी. पण त्या हातावर किंवा इतरत्र फिकट, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. एमडीटीच्या (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या) गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.