वाचकांचे प्रश्न : निवेदक भोळा असतो, लेखक नाही

प्रश्न : एम.ए. इंग्रजीला 'हकलबरी फिन' आहे. त्यातल्या उपरोधावर उत्तर लिहिलं की 'नुसतं कथानक सांगितलं आहे' असा शेरा येतो. उपरोध नेमका शोधायचा कसा? (विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक)

तुम्ही बहुधा 'काय घडलं' तेवढंच टिपून ठेवता. त्याऐवजी वहीचं पान तीन रकान्यांत आखा. पहिल्यात प्रसंग एका ओळीत. दुसऱ्यात त्याबद्दल हकला काय वाटतं. तिसऱ्यात वाचताना तुम्हाला काय दिसतं. दुसरा आणि तिसरा रकाना जिथे जुळत नाहीत, तिथे उपरोध आहे.

हक तेरा-चौदा वर्षांचा आहे आणि तो कुणाचीही टिंगल करत नाही. दिसेल ते सरळ सांगतो. टिंगल करतो तो त्याच्या आडून मार्क ट्वेन. चिमणराव वाचलेल्या मराठी वाचकाला ही तऱ्हा ओळखीची आहे. चिमणराव अगदी गंभीरपणे स्वतःची फजिती सांगतात आणि हसतो तो वाचक. फरक इतकाच, की हकच्या बाबतीत हसू घशातच अडकतं.

प्रकरण 18 घ्या. ग्रँजरफर्ड आणि शेफर्डसन या दोन घराण्यांत तीस वर्षांचं वैर आहे. ते कशावरून सुरू झालं, हे बक नावाच्या मुलाला सांगताही येत नाही. रविवारी दोन्ही घराणी एकाच चर्चमध्ये जातात. पुरुष बंदुका गुडघ्यांत धरून नाहीतर हाताशी भिंतीला टेकवून बसतात आणि प्रवचन असतं बंधुप्रेमावर. घरी परतताना सगळे म्हणतात, प्रवचन छान झालं. दुपारी हक पुन्हा चर्चमध्ये जातो, तर आत डुकरं पहुडलेली, कारण उन्हाळ्यात तिथली फळ्यांची जमीन गार असते. त्यावर हक म्हणतो, माणसं जावंच लागलं तर चर्चला जातात, डुकरांचं तसं नसतं. त्याच्या मते ही डुकरांच्या सवयीबद्दलची साधी माहिती आहे. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, ते तुम्हाला आता दिसेलच.

दुसरा प्रसंग प्रकरण 31 मधला. हकसोबत पळालेला गुलाम जिम, त्याला चाळीस डॉलरसाठी विकून टाकलेलं असतं. पळालेल्या गुलामाला साथ देणं हे पाप, असं हकला लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून तो जिमच्या मालकिणीला पत्र लिहून त्याचा ठावठिकाणा कळवतो आणि पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग जिमसोबत तराफ्यावर काढलेले दिवस आठवतात. पत्र हातात धरून तो थरथरत विचार करतो, 'ठीक आहे, जाईन मी नरकात' असं म्हणतो आणि पत्र फाडून टाकतो. इथे 'हकला आपण योग्य करतोय हे उमगतं' असं लिहाल तर मार्क जातील. त्याला ते शेवटपर्यंत उमगत नाही. आपण वाईट मुलगा आहोत, अशीच त्याची खात्री असते. ज्या समाजात चांगल्या मुलाला चांगुलपणा पाप वाटतो, त्या समाजावरचा हा वार आहे. हे एवढं एक वाक्य उत्तरात आलंच पाहिजे.

सालांचा घोळ बऱ्याच उत्तरपत्रिकांत दिसतो. पुस्तक इंग्लंडमध्ये डिसेंबर 1884 मध्ये आलं आणि अमेरिकेत फेब्रुवारी 1885 मध्ये. गुलामगिरी 1865 मध्येच कायद्याने संपली होती. कथा त्याआधीची, म्हणजे पुस्तक निघालं त्याच्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे ट्वेनचा रोख संपलेल्या कायद्यावर नाही, कायदा गेल्यावरही टिकून राहिलेल्या मनावर आहे.

प्रकरण 33 पासून हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमला सोडवण्याचा पोरखेळ सुरू होतो. हा भाग सैल आहे, असं पुष्कळ समीक्षक म्हणतात आणि विद्यार्थी तो सोडून देतात. सोडू नका. मालकिणीने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलेलं असतं आणि टॉमला ते ठाऊक असतं. मुक्त माणसाला कोंडून ठेवून त्याच्या सुटकेचं नाटक करायचं, यापेक्षा कडवट प्रसंग या कादंबरीत आम्हाला दुसरा दिसत नाही.

एका उत्तरात दोनच प्रसंग घ्या, पण शब्दांपर्यंत जाऊन लिहा.

प्रश्न : याच कादंबरीतल्या काही प्रकरणांचं मराठी भाषांतर करत आहे. जिमला अहिराणी बोलायला लावली तर? (वाचक, सटाणा)

आमचा सल्ला, लावू नका. ट्वेनने सुरुवातीच्या टिपेत सांगितलंय की पुस्तकात अनेक बोली आहेत आणि त्या त्याने मेहनतीने, नीट माहिती घेऊन वापरल्या आहेत. त्याच्या वाचकांना त्या बोलींमागचे प्रदेश आणि माणसं माहीत होती. जिमच्या तोंडी अहिराणी घातलीत, तर मराठी वाचकाला मिसिसिपीकाठचा गुलाम दिसणार नाही, बागलाणातला शेतकरी दिसेल. शिवाय प्रमाण मराठीच्या शेजारी बोली ठेवली की ती विनोदी वाटते, ही आपल्याकडची वाईट खोड आहे. जिम विनोदी झाला की प्रकरण 31 कोसळलंच.

हक आणि जिम दोघांनाही घरगुती, बोलती मराठी द्या. फरक शब्दांत न ठेवता वाक्यांच्या चालीत ठेवा. हकची वाक्यं 'आणि... आणि...' करत लांबणारी, जिमची आखूड आणि आग्रही. काळ्या माणसांसाठीचा अपमानकारक शब्द मूळ पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. तो सगळीकडे गाळला तर प्रकरण 32 कळणार नाही. तिथे हक बोटीवर स्फोट झाल्याची थाप मारतो आणि त्यात कुणाला लागलं का, असं टॉमची सॅली मावशी विचारते. हक म्हणतो नाही, एक काळा तेवढा मेला. त्यावर ती म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना लागतं. ही मायाळू बाई आहे. मायाळू आहे म्हणूनच ते वाक्य अंगावर येतं.

प्रश्न : आमच्या आठ जणींच्या वाचन गटाला अमेरिकन उपरोधिक कथा-कादंबऱ्या वाचायच्या आहेत. क्रम कसा लावावा? (वाचक, गंगापूर रोड)

पहिल्या बैठकीला वॉशिंग्टन आयर्विंगची 'रिप व्हॅन विंकल' ही 1819 ची कथा. एका बैठकीत संपते. वीस वर्षं झोपून उठलेल्या रिपला गावच्या खानावळीची पाटी बदललेली दिसते. चेहरा इंग्लंडच्या जुन्या किंग जॉर्जचाच, फक्त लाल कोटाचा निळा केलेला, राजदंडाच्या जागी तलवार आणि खाली नाव जनरल वॉशिंग्टन. तो झोपेत असताना झालेल्या अमेरिकन राज्यक्रांतीने किती बदललं आणि किती नाही, हे एका पाटीत येतं. चर्चा पाटीवरच सुरू करा.

नंतर फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (1925). नऊच प्रकरणं आहेत, दोन बैठका पुरतात. तिसरं प्रकरण मोठ्याने वाचा. गॅट्सबीच्या घरी मेजवान्यांसाठी दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांची पाच खोकी येतात आणि सोमवारी पिळून झालेल्या फोडींचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडतो. रस काढायच्या यंत्राचं बटण नोकराने अंगठ्याने दोनशे वेळा दाबायचं, तेव्हा दोनशे संत्र्यांचा रस निघतो. त्या अंगठ्याबद्दल लेखक अवाक्षरही जास्त बोलत नाही.

सिंक्लेअर लुईसची 'बॅबिट' (1922) शेवटी ठेवा. गट फुटतो तो सहसा इथेच, कारण पहिली सात प्रकरणं एकाच दिवसावर आहेत. ती भराभर वाचू नका. पहिल्याच प्रकरणात न्हाणीघरातला पाहुण्यांसाठीचा भरतकामाचा टॉवेल येतो. आपण चांगल्या वस्तीतले आहोत हे दाखवायला टांगलेला, कुणीही कधीच न वापरलेला. बॅबिट रागाच्या भरात त्याला तोंड पुसतो. प्रत्येकीने आपल्या घरातली अशी एक वस्तू सांगावी, बैठक चांगली रंगेल.

प्रश्न : अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' हीसुद्धा उपरोधिक म्हणायची का? तिच्यामुळे कायदा झाला हे खरं का? (वाचक, सातपूर)

उपरोध तिच्यात थोडा आहे, उघड सामाजिक टीका जास्त. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या युर्गिस या लिथुआनियन मजुराची ही कथा. लेखकाने 1904 मध्ये सात आठवडे तिथे फिरून माहिती गोळा केली. 1905 मध्ये ती साप्ताहिकातून क्रमशः आली आणि 1906 च्या फेब्रुवारीत पुस्तक निघालं. त्याच वर्षी 30 जूनला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा, अशा दोन कायद्यांवर सही केली. पुस्तक हे त्यामागचं एक मोठं कारण होतं, एकमेव नव्हे. अन्नशुद्धीची मागणी आधीपासून चालू होती.

सिंक्लेअर यावर खूश नव्हते. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि लागला तो पोटाला, अशा अर्थाचं ते म्हणाले. पुस्तक अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या कामगारांना. कायदे झाले ते मांस खाणाऱ्यांसाठी. सातपूरच्या वाचकाने प्रकरण 9 आधी वाचावं. कुठल्या खात्यात काम करणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, याची खातेवार यादी तिथे आहे: मांस खारवण्याच्या खात्यातल्यांची आम्लाने खाल्लेली बोटं, लोकर उपटणाऱ्यांचे हात. सगळे उद्धृत करतात ते सॉसेजचं प्रकरण 14; ते नंतर वाचलं तरी चालेल.