क्रॉलस्पेस की स्लॅब? आधी त्या पॉलिसीचं स्टेटमेंट काढा

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्याचा गोषवारा असा:

"मी 41, पत्नी 39, मुलं नऊ आणि सहा वर्षांची. दोघांचा मिळून पगार 1,85,000 डॉलर, त्यात माझा 1,30,000. घराचं कर्ज 3,10,000 बाकी, व्याज 2.875 टक्के. बँकेत 42,000 आहेत, महिन्याचा खर्च साडेसहा हजार. आई-बाबा दरवर्षी चार-पाच महिने येतात. बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. म्हणून खाली बाथरूमसह 360 चौरस फुटांची खोली वाढवायची आहे. कॉन्ट्रॅक्टरने क्रॉलस्पेसवर (खाली रांगत जाता येईल एवढी पोकळी ठेवून) बांधायचे 1,08,000 सांगितलेत, स्लॅबवर (थेट जमिनीवर काँक्रीट ओतून) आठ हजार कमी. आमच्या घराखाली क्रॉलस्पेसच आहे, पण उन्हाळ्यात कुबट वास येतो, म्हणून पत्नी म्हणते स्लॅबच बरा. काय करावं? पैशांची सोय झालेली आहे: 30,000 बचतीतून, 30,000 आमच्या आययूएल पॉलिसीतून (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) बिनकराचं कर्ज आणि उरलेले 48,000 होम इक्विटी लाइनमधून, म्हणजे घर तारण ठेवून. महिन्याला 600 पर्यंत हप्ता झेपेल. खर्च केला तरी घराची किंमत तेवढी वाढेलच. (401(k), म्हणजे कंपनीमार्फत पैसे टाकायचं निवृत्तीचं खातं, तीन वर्षांपासून बंद ठेवलंय, कारण तिथे बाजाराची जोखीम आहे. ते पैसे पॉलिसीत जातात.)"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्रॉलस्पेस. कारण बाबांचे गुडघेच. तुमच्या घराची जमीन बाहेरच्या मातीपासून अडीच फूट वर आहे, असं तुम्ही पुढे लिहिलंय. स्लॅब जमिनीलगत घातला तर जुन्या घरातून नव्या खोलीत उतरायला चार पायऱ्या येतील. ज्या पायऱ्या चुकवायला एवढा खटाटोप, त्याच परत. आणि स्लॅब वर उचलायचा तर कोकणात जोतं भरतात तसं भिंती बांधून आत भराव घालून ठोकावा लागतो. मग ते आठ हजार कुठले वाचतात? शिवाय बाथरूमचे नळ-ड्रेन काँक्रीटमध्ये गाडले जातात. पुढे गळती झाली की फरशी फोडा. क्रॉलस्पेसमध्ये प्लंबर रांगत जातो आणि काम करून बाहेर येतो.

कुबट वासाचा दोष क्रॉलस्पेसचा नाही, झरोक्यांचा आहे. जुन्या नियमाने दर 150 चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका ठेवायचा, म्हणजे खालची ओल वाऱ्याने निघून जाईल, अशी कल्पना. तुमच्याकडे जुलैत नेमकं उलटं होतं. बाहेरची गरम, दमट हवा आत शिरते, एसीच्या थंड डक्टला आणि फरशीखालच्या लाकडी तुळयांना लागते आणि तिथे पाणी सुटतं. रॅलेच्या ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने तुमच्याच राज्यात, प्रिन्सव्हिलला, 12 घरांवर ही तुलना करून पाहिली आहे. झरोके बंद केलेली घरं खालून कोरडी राहिली आणि थंडी-उन्हाळ्याचा वीजखर्चही 15 टक्क्यांच्या वर कमी झाला. तेव्हा नवीन काम असो वा जुनं, बंद क्रॉलस्पेस मागा: जमिनीवर जाड प्लॅस्टिक, सांधे टेपने पक्के, तेच भिंतीवर चढवलेलं आणि हवा कोरडी ठेवायला डिह्युमिडिफायर. भिंतीवर वरच्या बाजूला तीन इंचांचा पट्टा उघडा सोडलाय ना, तेवढं स्वतः खाली जाऊन बघा. वाळवी मातीचे बोगदे करत वर चढते, ते तपासणीत दिसावेत म्हणून तो पट्टा असतो. घाईतला कारागीर प्लॅस्टिक थेट वरपर्यंत चिकटवून मोकळा होतो. आणि एवढ्या रकमेच्या कामाला तुमच्या राज्यात जनरल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. मर्यादा 40,000 आहे. नंबर मागून घ्या.

झालं उत्तर. आता जे विचारलं नाहीत त्याकडे येऊ, कारण खरी भानगड तिथे आहे.

तुमच्याकडून पॉलिसीचं ताजं स्टेटमेंट मागवलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात अक्युम्युलेशन व्हॅल्यू, म्हणजे साठलेली रक्कम, 27,400. तुम्ही तोच आकडा धरून बसलात आणि "जवळजवळ तीस" म्हणालात. तिसऱ्या पानावर बारीक टायपात सरेंडर व्हॅल्यू आहे, ती 12,900. मधले साडेचौदा हजार हा सरेंडर चार्ज. आज बाहेर पडलात तर कंपनी ते ठेवून घेणार. कर्ज मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूच्या हिशोबाने, तेही तिच्यापेक्षा थोडं कमी. म्हणजे तुमचे 30,000 मुळात नाहीतच, साडेअकरा-बारा हजार आहेत. भरलेत किती? महिन्याला हजार, तीन वर्षं, 36,000.

ज्यांनी ही पॉलिसी दिली ते मंडळाच्या गणपतीत भेटलेले, गावाकडच्या ओळखीचे निघाले, घरी येऊन चहा पिऊन गेले, दुसऱ्या भेटीत "तुम्हीही विमा विकायचं लायसन्स घ्या, साइड इन्कम होईल" म्हणाले. अशी पत्रं मला न्यू जर्सीहून येतात, डॅलसहून येतात, बे एरियातून येतात. चहापासून लायसन्सपर्यंत क्रमसुद्धा तोच असतो. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो, हे त्या चहाबरोबर कोणी सांगत नाही.

तुम्हाला विकलेली गोष्ट अशी: बाजार पडला तर शून्य, चढला तर फायदा, वर कर नाही. कागदावर हे खरंही आहे, फक्त अर्धं. तुमच्या पॉलिसीत वरची मर्यादा 9.5 टक्के आहे. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत एसअँडपी 500 हा शेअर निर्देशांक वीस टक्क्यांहून जास्त वाढला. तुम्हाला मिळाले जास्तीत जास्त साडेनऊ. निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तर हिशोबातच धरत नाहीत. ही मर्यादा कंपनी दरवर्षी बदलू शकते आणि ती खाली आणायची मुभा करारात लिहिलेली असते. "पडला तर शून्य" म्हणजेही शून्य नव्हे. त्या वर्षीही विम्याचा खर्च, पॉलिसी फी आणि प्रीमियमवरचा भार कापला जातोच. आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढतो, साठीनंतर भराभर.

"बिनकराचं कर्ज" हेही तसंच. कर्ज म्हणजे व्याज आलं. व्याज थकत गेलं, खर्च चढत गेले आणि पॉलिसी मध्येच बंद पडली, तर भरलेल्या पैशांवरचा सगळा नफा त्या वर्षीचं उत्पन्न धरला जातो. खिशात दमडी नसताना कर भरायची पाळी येते. तुमच्या इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसी विकताना दाखवलेल्या अंदाजी तक्त्यात, 65 व्या वर्षापासून वर्षाला 40,000 दाखवलेत. तो तक्ता दरवर्षी 6.5 टक्के, एकही वर्ष न चुकता, असं धरून छापलाय. अशा तक्त्यांना आवर घालायला विमा नियामकांना 2015 मध्ये एक नियम आणावा लागला आणि पाच वर्षांनी तो आणखी आवळावा लागला. त्यावरून समजा.

आता बंद ठेवलेलं 401(k). तुम्ही पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत जेवढे टाकाल त्याच्या निम्मे तुमची कंपनी स्वतःचे टाकते (त्याला मॅच म्हणतात), म्हणजे वर्षाला 3,900. तीन वर्षं तुम्ही ते नाकारलेत. साधारण बारा हजार फुकट घालवलेत! आणि पॉलिसीत वर्षाला जातात ते 12,000 कर भरून उरलेले असतात. केंद्राचे 22 आणि राज्याचे चार धरले तर हातातले तेच 12,000 कमी होऊन 401(k) मध्ये 16,000 पडले असते. वर मॅच, म्हणजे वर्षाला वीस हजार, तीन वर्षांत साठ. पुढे काढताना त्यावर कर लागेल हे मान्य. तरी साठ हजार, आणि बाजार वाढला ते वेगळंच, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला 12,900. बाजाराची जोखीम टाळायला तुम्ही ही किंमत मोजलीत. निवृत्तीला अजून चोवीस वर्षं असलेल्या माणसाने बाजाराला घाबरायचं कारण काय, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा.

बरं, निदान विमा तरी पुरेसा? चार लाख. घराचं कर्जच 3,10,000. तुम्हाला काही झालं तर कर्ज फेडून 90,000 उरतील, त्यात दोन मुलं वाढवायची. पत्नीच्या नावावर काहीच नाही. वीस वर्षांचा साधा टर्म इन्शुरन्स, दहा लाख डॉलरचा, तब्येत ठीक असेल तर महिन्याला शंभरच्या आत मिळतो. पत्नीचा पाच लाखांचा धरूनही दीडशेच्या वर जाऊ नये. तुम्ही हजार भरून त्याच्या निम्म्याहून कमी विमा घेतलाय.

तेव्हा करायचं ते या क्रमानेच. आधी टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात येऊ द्या. तोवर जुनीचा हप्ता चालू ठेवा, मधल्या मधे विम्याशिवाय राहू नका. मग आययूएल बंद. पॉलिसी विकणारे ते दादा फोन करतील, "आत्ता सोडलीत तर नुकसान, अजून सात वर्षं थांबा." नुकसान आधीच झालंय. सात वर्षं थांबणं म्हणजे अजून 84,000 तिथेच घालणं. 12,900 रोख घेण्याआधी एक पाहा: करकायद्याच्या कलम 1035 खाली ती रक्कम थेट कमी खर्चाच्या, बिनकमिशनच्या ॲन्युइटीत (विमा कंपनीकडचं निवृत्तीसाठीचं खातं) हलवता येते आणि तुमचे भरलेले 36,000 हा मूळ खर्च म्हणून तिच्याबरोबर जातो. सहा टक्क्यांनी अठरा वर्षांत 12,900 चे 36,000 होतात आणि तोवरच्या वाढीवर कर शून्य. पैसे साठीपर्यंत अडकतील, पण माझ्या मते तेच बरं. रोख घेतलीत तर ती खोलीत जाईल. चेक तुमच्या नावावर मात्र येऊ देऊ नका, कंपनी ते कंपनी जाऊ द्या, नाहीतर ही सवलत गेली.

401(k) पुढच्या पगारापासून सहा टक्क्यांनी सुरू करा. हातात महिन्याला 480 च्या आसपास कमी येतील. टर्मचे दीडशे. हजारातले पावणेचारशे उरले.

आता खोली. बँकेतल्या 42,000 ला तुम्ही बचत म्हणता. महिन्याचा खर्च साडेसहा हजार असलेल्या घरात ती सहा महिन्यांची शिदोरी आहे, आणि तुमच्या क्षेत्रात सध्या नोकऱ्या कशा जातायत ते मी तुम्हाला सांगायला नको. तिच्यातले 30,000 काढायचे नाहीत. मग खोलीसाठी हातात काय? तीन हजार. बाकी सगळं होम इक्विटी लाइनवर? 1,05,000 वर आठ टक्क्यांनी महिन्याला नुसतं व्याजच 700 होतं, तुमच्या 600 मध्ये ते बसत नाही. तुमच्या बेताप्रमाणे बचतीतले 30,000 ओतले आणि पॉलिसीतले बारा हजार आले असं धरलं, तरी 66,000 कर्ज 600 च्या हप्त्याने फेडायला साडेसोळा वर्षं लागतात. व्याजदर बदलता असतो हे वेगळंच. 2.875 चं कर्ज मोडून मोठं कर्ज घ्यायचा विचार तर स्वप्नातही नको.

आणि "घराची किंमत तेवढी वाढेलच"? नाही वाढणार. अशा वाढीव बेडरूम-बाथच्या कामाचा निम्मा खर्चही विक्रीत वसूल होत नाही. खोली बांधा ती वापरायला. पण वापर वर्षातून पाच महिने, कारण व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहायला मिळतं. "पुढे कायमचं बोलवू" असं लिहिलंत. त्यासाठी आधी तुम्ही नागरिक व्हायला हवं; ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झालीत, म्हणजे अजून तीन. त्यांचं ग्रीन कार्ड झाल्यावर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायलाही पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं. बाबा आज 74 आहेत. तोवरच्या आरोग्य विम्याचा हिशोब खोलीच्या आधी मांडा. आणि त्यांना कायमचं यायचंय का, हे पत्रात कुठेच नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय: खाली तुमची ऑफिसची खोली आहे, लागून टॉयलेट-बेसिनचं हाफ बाथ. ऑफिस वर न्या. हाफ बाथ मागच्या कपाटाची जागा घेऊन वाढवा, बसायच्या बाकासह, उंबरा नसलेला शॉवर करा, भिंतीला धरायचे दांडे लावा. वीस-पंचवीस हजारांत होतं. प्लंबिंग जुन्या क्रॉलस्पेसमधूनच जाणार, म्हणून तो आधी बंद आणि कोरडा करून घ्या, अंदाजे दहा हजार. ओला राहिला तर कुबट वास त्याच खोलीत आई-बाबांना. एकूण पस्तीसच्या आत, पाया खणणं नाही, जागेच्या हद्दीची आणि एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) मंजुरी नाही. प्लंबिंगचं परमिट मात्र काढा.

होम इक्विटी लाइनवर तीस हजार घ्या. पॉलिसीतून सुटलेले पावणेचारशे आणि तुमचे 600 मिळून जवळजवळ हजाराचा हप्ता जातो, म्हणजे तीन वर्षांत फिटेल. तोवर तुम्ही नागरिकत्वाचा अर्ज केला असेल आणि आई-बाबांचंही काय ते ठरलं असेल. तेव्हाही वाढीव खोली हवी असली तर नवं कोटेशन घ्या आणि त्यात "बंद क्रॉलस्पेस, डिह्युमिडिफायरसह" ही ओळ वेगळ्या किमतीसह लिहून मागा. तूर्तास कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा. ती दादांमार्फत मागवू नका, थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा.