माणूसही डेडिकेटेड आणि सर्व्हरही डेडिकेटेड, हे कसं?

तुम्ही विचारलंय की साहेब 'डेडिकेटेड एम्प्लॉई' म्हणतात, आयटीवाले 'डेडिकेटेड सर्व्हर' म्हणतात, मग दोन्हीकडे 'समर्पित' लावलं तर चालेल का?

नाही चालत. हे मी हात पोळून शिकले आहे. भाषांतराची कामं नुकतीच घ्यायला लागले होते, तेव्हा एका बँकेच्या पत्रकात ज्येष्ठ नागरिकांसाठी 'डेडिकेटेड काउंटर' असल्याचं लिहिलं होतं. मी झोकात लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकांना समर्पित खिडकी'. वडिलांना वाचायला दिलं, तर ते म्हणाले, "अगं, खिडकी आम्हाला समर्पित केली म्हणजे काय, हारबीर घालून?" मग 'ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी' केलं.

'डेडिकेटेड' हा शब्द मुळात लॅटिनमधला. एखादी वस्तू किंवा वास्तू विधिपूर्वक देवाच्या नावाने करणं, हा त्याचा जुना अर्थ. आपल्याकडे देवाला सोडलेला पोळ असतो ना, गावभर फिरतो, कुणाच्याही शेतात तोंड घालतो, पण त्याला औताला कुणी जुंपत नाही. एकदा एका कामी लावलं की दुसऱ्या कामाला नाही, ही त्यातली खरी गोम. माणसाच्या बाबतीत हे त्याच्या मनातून येतं, वस्तूच्या बाबतीत तिला कुणीतरी तसं नेमून दिलेलं असतं.

म्हणून माणसाबद्दल असेल तर मराठीत 'वाहून घेतलेला' हे सगळ्यात जवळचं. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेला वाहून घेतलं, असंच आपण म्हणतो. 'निष्ठेने काम करणारा' हेही चालेल. 'समर्पित कार्यकर्ता' आता रुळलाय, त्यावर माझं भांडण नाही.

वस्तूबद्दल असेल तर 'स्वतंत्र', 'खास' किंवा सरळ 'फक्त अमक्यासाठी'. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे एकाच ग्राहकाला दिलेला, दुसऱ्या कुणाचा वाटा नसलेला सर्व्हर. २०२० मध्ये 'डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल' झाली, त्यांना बातम्यांमध्ये 'समर्पित कोविड रुग्णालय' म्हटलं गेलं. वाचताना वाटायचं, रुग्णालय कोविडच्या चरणी वाहिलंय! उत्तर प्रदेशातल्या दादरीहून न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदराकडे येणारा सुमारे १,५०० किलोमीटरचा डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉरही असाच 'समर्पित' झाला. खरं तर तो फक्त मालगाड्यांसाठी टाकलेला वेगळा लोहमार्ग.

तिसरा वापर अर्पण करण्याचा. पुस्तक आईला 'डेडिकेटेड' असेल तर 'आईस अर्पण', आणि ते छापतात ती अर्पणपत्रिका. धरण किंवा पूल देशाला 'डेडिकेट' केला की लोकार्पण. देऊळ मात्र शंकराला डेडिकेटेड नसतं, ते नुसतं शंकराचं असतं.

इंग्रजीत वापरताना एक चूक हमखास होते. 'डेडिकेटेड टू टीच' असं लिहू नका. इथे 'टू'पुढे नाम किंवा आयएनजीचं रूप येतं, म्हणून 'डेडिकेटेड टू टीचिंग'. 'डिव्होटेड'शी गल्लतही टाळा. त्यात माया जास्त, म्हणून डिव्होटेड नवरा आणि डेडिकेटेड नर्स.

आणि बायोडेटात 'डेडिकेटेड अँड हार्डवर्किंग' लिहिणार असाल तर राहू द्या, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एकाच कामाला किती वर्षं चिकटून होतात तेवढं लिहा.