इंदूरमध्ये 120 लिटरचा रीफ टँक (कोरलचा, खाऱ्या पाण्याचा), सफाईसाठी 30 हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) घेऊ का?

नका घेऊ, एवढे तर मुळीच नका. टँक दोन महिन्यांचा आहे आणि काचेवर तपकिरी थर येतोय म्हणताय, तो बहुतेक डायटम म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ असणार, नव्या टँकमध्ये येतोच आणि बऱ्याचदा आपोआप कमी होतो. आत्ता 30 जीव टाकले तर शेवाळ संपल्यावर ते खाणार काय, उपाशी मरतील आणि मेलेला जीव सडला की पाण्यात विषारी अमोनिया वाढणार.

मी सांगेन 4-5 ट्रोकस गोगलगायी घ्या, काच आणि दगड दोन्ही छान साफ करतात, आणि उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात, टर्बो जातीच्या गोगलगायीला ते नीट जमत नाही शिवाय ती मोठी असते, न चिकटवलेले कोरल पाडून ठेवते. वाळू असेल तर 3-4 नॅसेरियस गोगलगायी, त्या शेवाळ नाही खात हं, उरलेलं माशांचं खाणं खातात. हर्मिट हवेच तर दोन, आणि रिकामे मोठे शंख टाकून ठेवा नाहीतर घरासाठी ते गोगलगायीच मारतात.

आणि आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवा, टँक थंड ठेवायला पंखा लावला की पाणी उडतं, मीठ नाही उडत, म्हणून रोज आरओ फिल्टरचं गोडं पाणी घालून खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास ठेवा. नवीन गोगलगाय थेट सोडू नका, बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी देत तासभर तरी सवय करा. तांबं असलेलं माशांचं औषध या टँकमध्ये कधीच नको, सगळ्या गोगलगायी मरतील.