गोळी सोडली आणि डोक्यात करंट

प्रश्न : दोन वर्षं नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन ही गोळी, २० मिलिग्रॅम, घेत होते. बरं वाटू लागलं म्हणून गेल्या आठवड्यात परस्पर बंद केली. आता मान वळवली की डोक्यात करंट बसतो, गरगरतं, उगाच रडू येतं. आजार उलटला का? शेजारीण म्हणते, व्यसन लागलंय. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, व्यसन नव्हे. आणि आजारही बहुतेक उलटलेला नाही. तो उलटायला सहसा आठवडे, महिने जातात, शिवाय असे करंट नैराश्यात येत नाहीत. हा त्रास गोळी एकदम बंद केल्याचा. पॅरॉक्सेटिन शरीरातून झपाट्याने उतरतं, म्हणून तो जास्त. (याच गटातलं फ्लुऑक्सेटिन कित्येक आठवडे रेंगाळतं, तिथे कमी.)

उद्याच डॉक्टरांना फोन करा. बहुधा ते गोळी पुन्हा सुरू करून टप्प्याटप्प्याने कमी करतील. २० वरून १० त्या मानाने सोपं. खरी कसोटी १० वरून शून्यावर येताना, कारण थोड्या डोसचाही मेंदूवर बराच परिणाम असतो. तिथे महिने लागले तर लागू देत. ‘एक दिवसाआड घेते’ हा घरगुती तोडगा या औषधाला चालत नाही. पाकिटावर ‘सीआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर गोळी मोडू नका. गरगर थांबेपर्यंत स्कूटी घरीच राहू दे. जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्री-अपरात्रीही लावा.