"हलकं काम द्या" म्हणू नकोस, काय जमत नाही ते लिहून दे

तुझं म्हणणं असं की गरोदरपणाचा 29 वा आठवडा चालू आहे, गोव्यात कुंडईला औषधांच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर आठ तास उभं राहायचं, डिचोलीहून बसने ये-जा, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. डॉक्टरांनी 15 सप्टेंबर, म्हणजे अगदी गणेश चवथीच्या सुमाराची तारीख दिलीय, आणि सुपरवायझर म्हणतो, "जमत नसेल तर रजा टाक." आत्ताच रजा टाकली तर बाळ झाल्यावर उरणार काय, ही तुझी भीती. रास्त आहे.

मी कळंगुटच्या पट्ट्यातल्या एका हॉटेलात अकरा वर्षं हाऊसकीपिंगला होते, दोन्ही बाळंतपणं नोकरीतच झाली. पहिल्या वेळी शहाणपणा केला, म्हणजे गप्प राहिले. डिसेंबर, सीझन ऐन भरात, दिवसाला चौदा खोल्या आणि त्यातल्या निम्म्या चेकआउटच्या. डबलबेडच्या गादीचा कोपरा एका हाताने उचलायचा आणि दुसऱ्याने चादर आत सारायची, दिसायला काहीच नाही. पण बेडला चार कोपरे, चौदा खोल्यांचे छप्पन्न, आणि दर वेळी पोट मध्ये येतं. 31 व्या आठवड्यात नवव्या खोलीत पोट दगडासारखं कडक झालं, सुटलं, परत झालं. दहा-दहा मिनिटांनी. बाथटबच्या कडेवर बसून मी घड्याळ बघत होते. आणि त्याआधी काय केलं असेल? ट्रॉली आत ओढून घेतली, कॉरिडॉरमध्ये उभी दिसली तर मॅडम विचारतील म्हणून! शेवटी सोबतच्या मुलीने 108 ला, म्हणजे ॲम्ब्युलन्सला फोन केला. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, तीन दिवस काढले. नशिबाने कळा थांबल्या, पोरगी 37 आठवड्यांपर्यंत आत राहिली.

दुसऱ्या खेपेला मी "हलकं काम द्या" असं नाही म्हटलं. हलकं म्हणजे काय ते ज्याचं तो ठरवतो. साहेबाला लॉबी पुसणंही हलकंच वाटतं. मी डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घेतल्या: गादी किंवा जड ओझं उचलायचं नाही, बसल्याशिवाय सलग तासाभरापेक्षा जास्त उभं राहायचं नाही, नाइट नको, भरलेली ट्रॉली रॅम्पवर ढकलायची नाही. आठ दिवस कुरकुर झाली, मग मला लिनन रूममध्ये बसवलं. टॉवेल मोजा, फाटके वेगळे काढा. कंटाळ्याने जीव जायचा, पण पगार पूर्ण आणि पाय स्टुलावर.

तूही तसंच कर. "खोके उचलून पॅलेटवर रचणार नाही, लेबल तपासायचं काम स्टुलावर बसून करीन" असं लिही. नुसतं नाही म्हटलं की भांडण होतं, स्वतःच पर्याय सुचवला की सुपरवायझरलाही वर सांगायला बरं पडतं.

कायदा तुझ्या बाजूने आहे, पण तू मागितलंस तरच. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात ही तरतूद होती, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: बाईने विनंती केली तर प्रसूतीच्या तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्याही आधीचा एक महिना तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. तुझ्या तारखेपासून सहा आठवडे मागे गेलं की 4 ऑगस्ट, त्याच्या मागचा महिना 4 जुलैपासून. म्हणजे तुझी वेळ आलीच. पगारी रजा 26 आठवड्यांची (आधीची दोन मुलं असतील तर 12), 26 मधले प्रसूतीआधी जास्तीत जास्त आठ घेता येतात. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्यातून जातो, म्हणून बसून काम मिळवणं हाच तुझा खरा फायदा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची कपात असेल, ठेकेदाराकडून का असेना, तर रजेचे पैसे तिथून मिळतात. त्यासाठी मागच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी-कालावधींत मिळून 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन नोंद आत्ताच करून ठेव, नवव्या महिन्यात तिथल्या बाकावर रांगेत बसवत नाही.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. माझी जाऊ वेर्ण्याला पॅकिंगलाच होती. टॉयलेटला जायचं तर गाऊन, टोपी, शू-कव्हर सगळं काढा, परत घाला, म्हणून ती पाणीच प्यायची नाही. आठव्या महिन्यात लघवीत इन्फेक्शन, ताप, आणि त्यातून कळा सुरू झाल्या. तेव्हा अर्जात "दर दोन तासांनी बाहेर जायची मुभा" हेही घाल, लाजू नकोस. शू-कव्हर वाकून घालू नकोस, बेंचवर बसून घाल. लाइनवर हॉर्मोनच्या किंवा कॅन्सरच्या गोळ्या येत असतील तर तिथे उभीच राहू नकोस, दुसरी लाइन माग.

पाय सुजणं उभं राहिल्याने होतं, रात्री उशीवर ठेवून कुशीवर झोपलीस की उतरतं. पण तोंड आणि हात सुजले, डोकं फाटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा बरगड्यांखाली दुखलं तर तो रक्तदाब असू शकतो, शिफ्ट संपायची वाट बघू नकोस. रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तरी तसंच. पोट अधूनमधून कडक होऊन पाणी पिऊन पडल्यावर थांबलं तर ठीक. घड्याळ लावल्यासारखं येत राहिलं तर 108.

सासूबाई म्हणतील, आम्ही काजूच्या बागेत शेवटच्या दिवसापर्यंत राबलो. खरं आहे, माझी आजीपण राबली. पण दमली की ती झाडाखाली बसायची, नाचणीचं तिझन प्यायची, मग उठायची. पॅकिंगचा पट्टा तुझ्यासाठी थांबत नाही, हा फरक त्यांना सांगून बघ. माझ्या सासूला पटला होता.

बसचं म्हणशील तर पावसात गर्दी टाळायला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसू नकोस, जुलैतले आपले खड्डे तुला माहीत आहेत. अर्धा तास आधीची बस धर, कंडक्टरला सांग, बसायला जागा करून देतात.

अर्ज दोन प्रतींत दे, एकीवर एचआरची सही आणि तारीख घे. सही द्यायला टाळाटाळ केली तर त्याच कागदाचा फोटो ईमेलने पाठव आणि ईमेल जपून ठेव. मला माझ्या वेळी हे सुचलं नव्हतं, लिनन रूम मिळायला आठ दिवस लागले ते त्यामुळेच.