सोनोग्राफीत पॅराथायरॉइड वाढलेली दिसली, लगेच काढायची का?

आईच्या थायरॉइडच्या सोनोग्राफीत पॅराथायरॉइड, म्हणजे थायरॉइडमागच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथींपैकी एक, वाढलेली निघाली, कॅन्सर असेल का, असं विचारलंय तुम्ही. ती धास्ती आधी सोडा. कॅल्शियम वाढवणाऱ्या या गाठींत कॅन्सर शंभरात एकीलाही नसतो. आणि काढायची की नाही हे सोनोग्राफीवर ठरत नाही. एकाच वेळी काढलेल्या रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचं हार्मोन, बघावं लागतं.

माझंही असंच अचानक सापडलं. मी खानापूरची, वय 54. गळा सुजलाय म्हणून बेळगावात सोनोग्राफी केली, तर थायरॉइडच्या मागे 14 मिलिमीटरची गाठ. माझा उतरलेला चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "अंजब्याडरी अक्का," म्हणजे घाबरू नका, "जुने रिपोर्ट आणा." पिशवीत मुतखड्याच्या वेळचा, दोन वर्षांपूर्वीचा कागद निघाला. कॅल्शियम 11.1, शेजारी छोटीशी चांदणी, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर असल्याची खूण. नॉर्मल साधारण 10.5 पर्यंत. तेव्हा तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. खडा दोनदा झाला, दोन्ही वेळा खापर बोअरच्या पाण्यावर. सासूबाईंनी कुळथाचं कढण पाजून पाजून जीव नको केला होता!

नव्या तपासणीत कॅल्शियम 11.3, पीटीएच 140. लॅबची मर्यादा 65. कॅल्शियम चढलं की पीटीएच उतरायला हवं. माझं दोन्ही वर, म्हणजे ग्रंथी कुणाचं ऐकेनाशी झालेली. वाढलेल्या कॅल्शियमने खडेही होतात, माझे होऊन गेलेले, म्हणून ऑपरेशन ठरलं. एरवी मसुराएवढी असते ती, बाटलीत दाखवली तेव्हा चांगली चिंचोक्याएवढी, तांबूस. बाकीच्या तीन ठेवल्या. नंतर आठवडाभर ओठांभोवती मुंग्या यायच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनी थांबल्या.

आईंचं वेगळं असू शकतं. ड जीवनसत्त्व कमी पडलं किंवा किडनी थकली तरी या ग्रंथी फुगतात, पण तेव्हा कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी येतं आणि उपचार मूळ कारणावर होतो. म्हणून ड आणि किडनीसाठी क्रिएटिनिनही करून घ्या. बीपीसाठी लघवीची गोळी, लिथियम किंवा कॅल्शियम चालू असेल तर सांगा, आकडे त्यानेही हलतात. थायरॉइडची गाठ समजून कुणी सुई घालून तपासू म्हणालं, तर आधी रक्ताचे रिपोर्ट येऊ द्या. न्यूक्लिअर स्कॅनची घाई नको. तो ऑपरेशन ठरल्यावर जागा शोधायला असतो.

आज एवढं करा, आईंचे जुने कागद काढून कॅल्शियमच्या ओळीपुढे चांदणी आहे का बघा.